आठपट वेगाने बघणारी भिंगरी

माझ्या सुनेला मी भिंगरी म्हणते. तोंडावर म्हणते. पाठीमागे म्हणायची सोयच नाही, कारण ती एका जागी इतका वेळ ठरतच नाही की तिची पाठ कुठली आणि तोंड कुठलं ते कळावं. लग्न होऊन आली त्या दिवशी म्हटलं, "बस गं जरा." तर बसली खुर्चीच्या कडेवर, बस सुटायला आली असावी तशी. बारा वर्षं झाली, खुर्चीला पाठ टेकून बसलेली मी तिला पाहिलेली नाही.

तिचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शहराच्या बाहेर एक कारखाना आहे. तिथे सिनेमे आणि टीव्हीवरच्या मालिका डीव्हीडीच्या तबकड्यांवर उतरवतात, तबकड्या खोक्यात भरतात, खोके दुकानांत जातात आणि लोक ते घरी आणून बघतात. एका साच्यातून हजारो तबकड्या निघतात. त्यांतली पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन भिंगरीकडे येतात. एका काळोख्या खोलीत चार पडदे मांडलेत. चारांवर चार तबकड्या एकदम फिरतात, त्याही आठपट वेगाने आणि मुक्याने. ही मधोमध उभी. स्टूल दिलेलं आहे, त्यावर तिचा डबा बसतो. चित्र फाटलं, ठिपका आला, उडी पडली की हिने घंटा वाजवायची. आवाजाचा नियम निराळा: दर भागाचं सुरुवातीचं एक मिनिट ऐकायचं, मधलं एक आणि शेवटचं एक. बाकीचा आवाज ऐकत बसायला कारखान्याला फुरसत नाही. सगळं झालं की कागदावर सही. ती सही हिची.

चार वर्षं असं काम केल्यावर माणसाचं काय होतं ते आमच्या घरी येऊन बघा. आमचे हे सकाळी पेपर खाली ठेवून "अगं, काल कोपऱ्यावर काय झालं माहीत आहे का" अशी सुरुवात करतात, तोवर ही चपला घालत "आणि मग तो पडला ना?" म्हणते. खरंच पडलेला असतो. भाजीवाला भाव सांगेपर्यंत हिने पिशवी भरलेली असते. दुधाला उकळी फुटेपर्यंत थांबणं म्हणजे हिला जन्मठेप. आणि एवढ्या गोष्टी बघून हिला नटांचे आवाज धड माहीत नाहीत. एका मोठ्या नटाचा आवाज किरटा आहे हे मी सांगितलं तेव्हा चार दिवस हळहळत होती. म्हणे, "काय हो आई, मिशा तर केवढ्या आहेत!"

घरात खुनाची मालिका लागली की खुनी कोण ते हिला ठाऊक असतं, पण सांगत नाही. कारखान्याचा तसा दंडक आहे आणि ती तो पाळते. ह्यांची मात्र तगमग होते. "नुसती मान हलव. बाई की पुरुष, एवढंच." ती भांडी घासत राहते. मग हे स्वतः अंदाज बांधतात. ह्यांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नाही. ज्याच्यावर ह्यांनी बोट ठेवलं तो निर्दोष, असं कोर्टाने मानलं तरी चालेल.

आता तिच्या जिवाला लागलेली गोष्ट सांगते. चार वर्षं झाली तरी ती कारखान्यात हंगामीच. दर तीन महिन्यांनी फाटकावर नावांची यादी लागते. नाव असलं तर आत, नसलं तर तिथूनच घरी. यादीच्या आदल्या दिवशी भिंगरी कपाट आवरते. आवरलेलंच असतं, पुन्हा आवरते. मी मोजलं नाही, पण चादरी सात वेळा तरी उलगडल्या आणि घातल्या असतील. त्या महिन्याच्या शेवटी तपासणीतल्या एकीला कायम करणार होते. कायम झाली की यादी बंद, फाटकावर मान वर करून आपलं नाव शोधणं बंद. एवढंच तिला हवं होतं.

आणि आडवं आलं होतं ते सात महिन्यांपूर्वीचं एक प्रकरण. एका सिनेमात मध्येच रंग गेला आणि पाच मिनिटं सगळं करडं झालं. हिने घंटा वाजवली, भरलेल्या गाड्या थांबवल्या. अर्धा दिवस गोंधळ. शेवटी कळलं की तो दोष नव्हताच. नायकाला स्वप्न पडलेलं आणि करणाऱ्याने ते मुद्दाम बिनरंगाचं केलेलं. झालं! तेव्हापासून चहाच्या खोलीत बायका विचारायच्या, "काय गं, आज माझ्या साडीचा रंग दिसतोय ना?" आणि पाळीचे मुख्य, ज्यांना सगळे चष्मेबुवा म्हणतात, त्यांनी हिला बोलावून सांगितलं, "बाई, पुन्हा एकदा उगाच गाड्या अडवल्यात तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या."

हे तिने मला पोळपाटावर लाटणं आपटत सांगितलं होतं. मी म्हटलं, "बरं झालं, त्यांच्या घरी नको म्हणाले."

हसली. पण त्या दिवसापासून तिची भिंगरी आणखी जोरात फिरायला लागली.

माझंही एक सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मध्येच कुठून आली. मी सव्वीस वर्षं मागावर होते. कापडाच्या गिरणीत. तिथे एवढा खडखडाट की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला नुसता वारा लागायचा. मग आम्ही बायका ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, तोंड नीट हलवायचं आणि समोरचीने बघायचं. तीन माग पलीकडची सून सासूला काय म्हणाली ते मला इकडे कळायचं. तिथेच माझा उजवा कान गेला, डावा अर्धा उरला. आता मी ऐकते ते बरंचसं डोळ्यांनी, आणि ते मला कळतसुद्धा नाही. दिवा गेला तर मात्र घरचे काय बोलतात त्याचा पत्ता लागत नाही.

तर त्या शुक्रवारी भिंगरी संध्याकाळी घरी आली ती खोका घेऊन. खुनाच्या एका गाजलेल्या मालिकेचा सबंध सीझन, बारा भाग, चार तबकड्या. तपासणाऱ्यांना एकेक खोका घरी नेऊ देतात. वर एका घड्याळाचं चित्र, काच फुटलेली.

"आई, बाबा, घ्या. उद्या मला सुट्टी. दुपारी दोनला गाड्या सुटल्या की मी सुटले. यादी पुढच्या आठवड्यात."

"कोण मारतो गं?" हे.

"बाबा, आधी मरू तर द्या."

दोन तबकड्या आम्ही शुक्रवारीच बघितल्या. मालिकेत एक घड्याळजी असतो, एकटा, घड्याळं दुरुस्त करणारा. तो आपल्या दुकानात मेलेला सापडतो आणि दुकानाला बाहेरून कुलूप. किल्ली नाही. तपास करणारी एक फौजदारीण, तिचे गुडघे दुखतात, म्हणून मला ती आवडली. ह्यांनी पहिल्याच भागात घरमालकावर बोट ठेवलं. दुसऱ्यात घड्याळजीच्या बहिणीवर. चौथ्यापर्यंत ह्यांनी अख्ख्या गल्लीला फासावर चढवलं होतं. भिंगरी येत-जात होती. गंमत म्हणजे तीही पहिल्यांदाच सलग ऐकत होती. दार पुसता पुसता थांबायची आणि म्हणायची, "अगंबाई, हा असा बोलतो होय!"

शनिवारी मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीवर सकाळीच गेला. आम्ही तिघं पुन्हा बसलो. म्हणजे दोघं बसलो. मी मटार सोलत होते. दहावा भाग संपला, अकरावा लागला. फौजदारणीने दवाखान्यातल्या कंपाउंडरला समोर बसवलं. बिचारा पहिल्या भागापासून सगळ्यांना औषधाच्या पुड्या देत हिंडणारा मऊ माणूस, ह्यांना त्याचा संशयही आला नव्हता. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि मग बोलायला लागला.

"अगं बाई! टाकीत!" मी म्हटलं. मटार सांडले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"काय टाकीत?" हे म्हणाले.

"किल्ली! पाण्याच्या टाकीत टाकली म्हणतोय ना. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"आई," भिंगरी हळूच म्हणाली, "आवाज गेलाय."

मी म्हटलं, "कधी?"

"आत्ता. तो बोलायला लागला तेव्हाच."

खरं सांगते, मला पत्ता नव्हता. माझ्या लेखी तो माणूस चांगला मोठ्याने बोलत होता. तेवढ्यात आवाज परत आला, फौजदारीण उठली, पुढच्या चित्रात गच्चीवरची टाकी उपसत होते आणि तळाशी किल्ली.

भिंगरीने तबकडी काढली, मऊ फडक्याने पुसली, पुन्हा लावली. त्याच जागी मुकी. घड्याळ धरून बघितलं, चाळीस सेकंद. मग ती तबकडी घेऊन पायऱ्या उतरली, खालच्या नर्सबाईंकडे. त्या रात्रपाळी करून झोपलेल्या. त्यांना उठवून त्यांच्या यंत्रावर लावली. तिथेही तेच. नर्सबाई डोळे चोळत म्हणाल्या, "मेलं कोण?" आणि परत झोपल्या.

वर आली ती तबकडी उजेडात धरून बघतच. "म्हणजे ओरखडा नाही. साच्यातच आहे. प्रत्येक खोक्यात आहे. आणि कागदावर सही माझी."

मी विचारलं, "तू ऐकलं नव्हतंस?"

"सुरुवातीचं मिनिट, मधलं, शेवटचं. हे मध्येही नाही आणि शेवटीही नाही, आई. त्याच्या अधल्यामधल्या फटीत आहे. आणि चित्र तर बघा, काचेसारखं. आठपट वेगात हा माणूस पाच सेकंद तोंड हलवतो, संपलं."

तेव्हा सव्वाबारा झाले होते. दोनला गाड्या.

हे जरा घसा खाकरून म्हणाले, "मला विचारशील तर हा दोष नाहीच. हे मुद्दाम केलंय. तो गुन्हा कबूल करतो, आपल्याला ऐकू येत नाही, आणि मग टाकीतून किल्ली निघते. कसब आहे ते! आधीच ऐकू आलं असतं तर टाकीत मजा काय?"

आता बघा, ह्यांचा अंदाज कधी बरोबर येत नाही हे मी मघाशी सांगितलंच. पण ह्या वेळी बोलणं पटण्यासारखं होतं, हीच पंचाईत. सात महिन्यांपूर्वीही असंच झालं होतं. तो बिनरंगी भाग दोष वाटला आणि कसब निघालं.

भिंगरी चालायला लागली. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. वाटेत तिने पाण्याचं भांडं सरळ केलं, पडदा सरळ केला, ह्यांचा चष्मा सरळ केला. ह्यांच्या नाकावरचा. फोन उचलला, ठेवला, उचलला. शेवटी लावला.

चष्मेबुवांचा आवाज मला ऐकू आला नाही, पण हिचं अर्धं ऐकलं. "हो, मीच... नाही, सुट्टीच आहे... अकराव्या भागात, चाळीस सेकंद... रंग नाही हो, आवाज... नाही, खात्री अशी नाही..." मग फोन खाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सुट्टी आहे ना, मग सुट्टी घ्या."

पुन्हा ओटा, खिडकी. "मालिकावाल्यांची कचेरी शनिवारी बंद. मूळची टेप कारखान्यात आहे, पण कपाटाला सील. सील तोडायचं तर नियमाने आधी गाड्या थांबवायला लागतात. थांबवल्या आणि मुद्दाम केलेलं निघालं, तर मी सोमवारपासून घरी. नाही थांबवल्या आणि दोष निघाला, तर हजारो खोके परत येणार आणि सगळ्यांवर माझी सही. तरी घरीच. आई, दोन्हीकडून घरी."

"बस गं क्षणभर."

"बसून काय सुचतं का कुणाला!"

मी सांडलेले मटार वेचत होते. बोलायचं म्हणून बोलले, "मेला बोलतही सरळ नव्हता. किल्ली टाकीत टाकली इथवर कळलं, मग उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुढचं मला दिसलंच नाही. पाठीला काय वाचायचं?"

भिंगरी थांबली. खिडकी आणि ओट्याच्या मध्ये, जिथे ती कधी थांबत नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, पाठ केली त्याने."

"किती वेळ?"

"चांगला वेळ. निम्मा तरी."

तिने तबकडी लावली आणि तो तुकडा बघितला. बोटांनी सेकंद धरले. मग माझ्याकडे वळली, आणि तेव्हा ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण चार वर्षं काळोखात उभी राहिलेली बाईच हे बोलू शकते.

"आई, मी दिवसभर मुकी चित्रं बघते. जिथे करणाऱ्यांना मुकं ठेवायचं असतं ना, तिथे ते चेहरा सोडत नाहीत. डोळे दाखवतील, हात दाखवतील. ऐकू येणार नाही म्हणून बघायला काहीतरी देतात. पाठ कधी दाखवतात? आवाज चालू असतो तेव्हा. इथे वीस सेकंद नुसती पाठ आहे. मुकी पाठ कोण दाखवेल? हा दोष आहे."

हे म्हणाले, "पण कसब..."

"बाबा, तुम्ही म्हणालात कसब, म्हणजे तर नक्कीच दोष."

पर्स घेतली, तबकडी घेतली. मीही चप्पल घातली. ती म्हणाली, "तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "बससाठी थांबायला कुणीतरी लागेल ना तुझ्याबरोबर." एकटी असती तर थांब्यावर न थांबता पायी निघाली असती, मला माहीत आहे. बसमध्ये सीट रिकामी होती. ती दांडा धरून उभी. प्रत्येक सिग्नलला दाराशी जाऊन बघायची, जशी हिने बघितल्याने दिवा हिरवा होणार.

फाटकाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तीन गाड्या उभ्या, दोन गाड्यांची दारं बंद झालेली, तिसरीत खोके चढत होते. चष्मेबुवा काचेच्या केबिनमध्ये. भिंगरी आत शिरली, मी मागोमाग. बारीक माणूस, चष्मा मात्र दोघांना पुरेल एवढा.

"बाई, मी फोनवर सांगितलं ना?"

हिने सगळं सांगितलं. पाठ, चेहरा, वीस सेकंद. घाईत सांगितलं, आठपट वेगाने. त्यांनी अर्धं ऐकलं.

"आणि ह्या कोण?"

"माझ्या सासूबाई. ह्यांना ओठ वाचता येतात. तो काय बोलतो ते ह्यांनी..."

चष्मेबुवा माझ्याकडे बघत राहिले. "आजी, बाहेर बाकड्यावर बसा जरा," म्हणाले. आम्हा दोघींना बाहेर काढलं, दार लावलं आणि फोन फिरवला.

काच स्वच्छ होती. मी काय करणार? डोळे मिटून बसायचं का?

"काय म्हणताहेत?" भिंगरीने विचारलं.

गिरणीत आमचा एक नियम होता: आपल्यासाठी नसलेलं वाचलं तर गिळायचं. सव्वीस वर्षं पाळला. त्या दिवशी मोडला. "मालकांशी बोलताहेत. म्हणाले, तीच ती, रंगवाली. सोबत म्हातारी आणलीय, तिला चहा पाजून वाटेला लावतो." मग मी जरा थांबले, कारण त्यांचा चेहरा बदलला होता. "आता म्हणताहेत, साहेब, पण खरं निघालं तर? सोमवारी माल परत आला तर माझीही नोकरी जाईल हो."

भिंगरी काचेकडे बघत राहिली. "तेही घाबरलेत?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तुझे निदान पाय तरी चालतात."

दार उघडलं. मी म्हटलं, "चहा चालेल. वाटेला मात्र लागणार नाही."

चष्मेबुवांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग खुर्चीत बसले. तिथूनच कागद पुढे केला. "बाई, मालक म्हणाले, सील तोडायचं असेल तर तुम्ही लिहून द्या. गाड्या माझ्या सांगण्यावरून थांबवल्या, दोष नसल्यास जबाबदारी माझी. मी लिहू शकत नाही. तुम्ही लिहिलंत तर मी थांबवतो."

पावणेदोन झाले होते. तिसऱ्या गाडीचं दार लागल्याचा आवाज मलाही आला, म्हणजे मोठाच असणार.

भिंगरीने पेन घेतलं. खुर्ची होती, उभ्यानेच लिहिलं. अक्षर तिचं एरवी पळतं, शेपटी नसलेल्या पालीसारखं. त्या दिवशी एकेक अक्षर काढलं. सही केली आणि कागद ढकलला.

चष्मेबुवा बाहेर गेले आणि हात वर केला. गाड्यांची इंजिनं बंद झाली. हमाल आमच्याकडे बघायला लागले. एक तर मोठ्याने म्हणाला, "आज कोणता रंग गेला?" मला ऐकू आलं नाही, दिसलं.

सील तोडलं, कपाट उघडलं, टेप यंत्रात घातली. पुढे पळवता पळवता अकरावा भाग आला. कंपाउंडर टेबलाकडे बघत बसला. भिंगरी माझं मनगट धरून उभी होती.

त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला.

"दार बाहेरून लावलं. किल्ली गच्चीवरच्या टाकीत टाकली." मी वाचलं होतं तसंच. मग तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याची पाठ बोलायला लागली. हळू आवाज. मला कळेना, भिंगरीने माझ्या डाव्या कानाशी सांगितलं. "म्हणतोय, मी आत गेलो तेव्हा तो जागा होता. त्याला वाटलं मी औषध घेऊन आलोय. म्हणाला, आलास का रे, बस."

अख्ख्या सीझनमधलं तेवढंच तर ऐकायचं होतं, आणि तेच नेमकं साच्यात मुकं झालं होतं. चष्मेबुवांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय अगदी पोरगेला दिसला बिचारा. त्यांनी तो लिहून घेतलेला कागद घडी करून भिंगरीला परत दिला. "हा आता नको," म्हणाले. मग मला म्हणाले, "आजी, चहा." त्या दिवशी बिस्किटंही आली.

खोके उतरवायला संध्याकाळ झाली. नवा साचा, नव्या तबकड्या. गाड्या बुधवारी सुटल्या. मालिकावाल्यांच्या कचेरीतून सोमवारी कुणी येऊन गेलं म्हणे, पण भिंगरीने काही सांगितलं नाही आणि मी ओठ वाचायला काच मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात यादी लागली. आदल्या दिवशी कपाट आवरून झालंच. फाटकावरच्या यादीत नाव नव्हतं. तिथूनच मागे फिरणार होती, तर पहारेकऱ्याने हाक मारून शेजारचा निराळा कागद दाखवला. त्यावर एकच नाव. कायम. आणि खाली कामाचं नाव: पूर्ण आवाज तपासणी.

म्हणजे काय ते ऐका. कारखान्याने नियम बदलला. आता प्रत्येक साच्याच्या पहिल्या तबकडीचा सबंध आवाज ऐकायचा, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. कानाला यंत्र लावून, खुर्चीत बसून, साध्या वेगाने. रोज आठ तास. ही बढती की शिक्षा, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा चप्पल न काढता जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, माणसं किती हळू बोलतात हो! एक वाक्य बोलायला सुरुवात करतात, मध्ये श्वास घेतात, मग पुन्हा विचार करतात..." चष्मेबुवांनी तक्रार केलीय की हिचं टेबल हलतं म्हणून. टेबल नाही हलत, टेबलाखाली हिचा पाय हलतो.

ह्यांनी आता नवीनच टूम काढलीय. "तूच ऐकतेस आता सगळं, निदान खुन्याचा आवाज जाड की बारीक ते सांग." सांगत नाही.

गेल्या रविवारी मी तिला खालच्या नर्सबाईंचं आणि त्यांच्या भावाचं भांडण सांगत होते. खिडकीतून वाचलेलं. एरवी दुसऱ्या वाक्याला तिने "आणि मग तो निघून गेला ना?" म्हणून बादली उचलली असती. ह्या वेळी खुर्चीवर बसली. कडेवरच, पण बसली. म्हणाली, "मग?"

मी मुद्दाम जरा लांबवलं. भावाचा शर्ट कसला होता, तो जिन्यात किती वेळ उभा राहिला, सगळं सांगितलं. तिचा पाय एकसारखा हलत होता, माझा पेला टेबलावर किणकिणत होता, पण ती शेवटपर्यंत बसली.